सरतपास, उलटतपास, अपील : सोलापूरच्या वकिलांची जडणघडण

१ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी अधिसूचना काढली आणि १८ ऑगस्टपासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याला जोडले गेले. या मागणीसाठी वकिलांच्या काही पिढ्यांनी मोर्चे काढले, कामकाजावर बहिष्कार टाकले, परिषदा भरवल्या. मागणी मान्य झाल्यावर पेढेही वाटले गेले. पण सोलापूरच्या बाररूममध्ये पेढे संपल्यानंतर जो प्रश्न निघाला, तो मला पेढ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटला. कोल्हापुरात आता आपल्या जिल्ह्याची अपिले चालवणार कोण? ज्यांनी इथे साक्षीपुरावे नोंदवले ते, की मुंबईहून तिकडे बिऱ्हाड हलवलेले?

मी गेली बरीच वर्षे सोलापुरात दिवाणी बाजूला वकिली करतो. प्रश्न ऐकल्यावर दुसऱ्याच दिवशी आमच्याकडच्या जुन्या मंडळींना विचारत सुटलो की तुम्ही वकील कसे झालात. कायद्याची पदवी सगळ्यांचीच असते. मला त्याच्या आधीचे आणि आजूबाजूचे हवे होते. वडील काय करत, पहिली नोकरी कुठे, सिनिअर कोण, पहिली केस कशी मिळाली. त्या गप्पा आणि जुन्या कायदा अहवालांतले वाचन यांतून जे हाती आले ते इथे मांडतो.

आधी दोन कामांतला फरक सांगायला हवा, कारण कोर्टाची पायरी न चढलेल्या वाचकाला वकील म्हणजे वकील असेच वाटते. खालच्या कोर्टातला वकील माणसांशी झुंजतो. साक्षीदार पिंजऱ्यात येतो, त्याचा सरतपास होतो, मग समोरचा वकील उलटतपास घेतो. पंच फितूर होतो, मुद्देमालावरचे सील फुटलेले निघते, फिर्यादीत एक वेळ आणि जबाबात दुसरीच वेळ असते. हे सगळे त्या क्षणी, उभ्या उभ्या पकडावे लागते. एक प्रश्न जास्त विचारला तरी हातची केस जाते. अपिलाच्या वकिलापुढे माणूस नसतोच. त्याच्यापुढे पेपर बुक असते, म्हणजे सगळ्या जबान्या, दस्तऐवज आणि खालच्या कोर्टाचा निकाल यांची बांधलेली चळत. साक्षीदार घाबरला होता का, बोलताना थांबला का, हे त्या कागदात क्वचितच उतरते. दिवाणी दुसऱ्या अपिलात तर १ फेब्रुवारी १९७७ पासून कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्याखेरीज उच्च न्यायालय हातच घालत नाही. तिथे उलटतपासाची चलाखी कामाची नाही. वाचन, स्मरण आणि दोन वाक्यांत मुद्दा मांडण्याची सवय लागते.

ही फाळणी कामाच्या स्वभावातूनच आली असे मानायला मी तयार नाही. तिच्यामागे इतिहास आहे. मुंबई उच्च न्यायालय १८६२ साली स्थापन झाले तेव्हापासून त्याला दोन अंगे होती. मूळ शाखेत मुंबई शहरातले मोठे दावे चालत. तिथे बॅरिस्टर उभे राहत आणि त्यांना काम सॉलिसिटरकडूनच येई. अपील शाखेत मोफसलातली, म्हणजे सोलापूर, सातारा, खानदेशसारख्या जिल्ह्यांतली अपिले चालत आणि तिथे देशी वकिलांचे राज्य होते. जिल्ह्याच्या कोर्टात त्याहून खालचा मानला गेलेला प्लीडर असे. त्याची वेगळी परीक्षा आणि वेगळी सनद. त्या परीक्षेचे वर्ग पुण्यात लोकमान्य टिळकांनीही चालवले होते. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने वकील, प्लीडर, मुखत्यार हे भेद पुसले आणि सगळे एकाच नावाखाली आणले. मूळ शाखेतली सॉलिसिटरची सक्ती जायला १९७७ उजाडले. कायद्याने भिंत पाडली खरी, पण लोकांच्या चालण्याच्या वाटा भिंत होती तशाच राहिल्या. आजही आमच्याकडचा पक्षकार ‘मुंबईचा वकील’ म्हणतो तेव्हा आवाज थोडा खाली करतो.

त्या जुन्या भिंतीची झळ कोणाला किती लागली याचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन अशी विद्वत्ता पाठीशी घेऊन त्यांनी १९२३ च्या जुलैत मुंबईत वकिली सुरू केली. सनदेच्या खर्चासाठी नवल भाथेना या मित्राची मदत घ्यावी लागली. मूळ शाखेत सॉलिसिटरने काम दिल्याशिवाय बॅरिस्टर उभा राहू शकत नव्हता आणि अस्पृश्य बॅरिस्टरला काम देणारा सॉलिसिटर मिळणे अवघड होते. त्यामुळे त्यांची बरीच वकिली अपील शाखेत आणि जिल्ह्यांच्या कोर्टांत झाली. जोडीला बाटलीबॉयच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवणे होतेच. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून जेधे-जवळकरांवर झालेल्या खटल्यात १९२६ साली पुण्याच्या सत्र न्यायालयात त्यांनी अपील चालवले आणि जिंकले. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’साठी १९३४ मध्ये ते उभे राहिले आणि हरले. महाडच्या चवदार तळ्याचा दिवाणी दावा तर त्यांच्यावरच होता. तो १९२७ पासून खालून वर जात राहिला आणि १९३७ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने संपला. खालच्या कोर्टातला पुरावा आणि वरच्या कोर्टातला मुद्दा हे दोन्ही एकाच माणसाने हाताळण्याचा असा नमुना दुसरा चटकन आठवत नाही.

दुसऱ्या टोकाला प्र. बा. गजेंद्रगडकर. साताऱ्याच्या संस्कृत पंडितांच्या घरात १९०१ मध्ये जन्म, डेक्कन कॉलेजातून एम. ए., पुण्याच्या लॉ कॉलेजातून कायद्याची पदवी आणि १९२६ पासून मुंबईत अपील शाखेत वकिली. दत्तकासंबंधीच्या ‘दत्तकमीमांसा’ या संस्कृत ग्रंथाची त्यांनी आवृत्ती सिद्ध केली. हिंदू कायद्याची दुसरी अपिले म्हणजे दत्तक, वाटणी, विधवेचा हक्क. त्यात मूळ संस्कृत वचन वाचू शकणारा वकील भाषांतरावर अवलंबून असलेल्या वकिलापेक्षा पुढेच असणार. १९४५ मध्ये ते न्यायाधीश झाले आणि १९६४ मध्ये भारताचे सरन्यायाधीश. घरातून मिळालेली पोथ्यांची सवय त्यांना अपिलाच्या वकिलीत थेट उपयोगी पडली.

आता सोलापूर.

या शहराने देशाच्या कायद्याला जितके प्रश्न दिले तितके मोठ्या शहरांनीही दिले नसतील, पण ते प्रश्न वरच्या कोर्टात मांडले बाहेरच्यांनी. १९३० चेच घ्या. गांधीजींच्या अटकेनंतर मे महिन्यात सोलापूर पेटले, ८ मे रोजी गोळीबार झाला, मंगळवार पेठेच्या चौकीतले पोलीस मारले गेले आणि १२ मेपासून ३० जूनपर्यंत शहरावर लष्करी कायदा होता. पोलिसांच्या खुनाबद्दल मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यावर खटला चालला, फाशीची शिक्षा वरच्या कोर्टात कायम झाली आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात ती अमलात आली. सोलापुरात हुतात्म्यांचे पुतळे आहेत, चौक आहे. पण त्या खटल्यात बचावाचा उलटतपास कोणी घेतला, ओळखपरेडीवर कोण किती बोलले, हे विचारले तर सांगणारा माणूस सापडत नाही. लष्करी कायद्याखालच्या शिक्षांवरून उच्च न्यायालयात गेलेले ‘चनप्पा शांतिरप्पा विरुद्ध एम्परर’ हे प्रकरण मात्र कायद्याच्या पुस्तकांत टिकून राहिले. लष्करी कायदा म्हणजे काय यावर लिहिणारा आजही त्याचा उल्लेख करतो. अपिलाला अहवालात जागा मिळते, खटल्याला मिळत नाही. वकिलांच्या कीर्तीचे गणितही बहुधा यातच दडलेले आहे.

गिरणीचे तसेच. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आमची जुनी गिरणी, १९४९ च्या ऑगस्टमध्ये व्यवस्थापनाने बंद केली. हजारो कामगार रस्त्यावर आले आणि १९५० च्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून कारभार ताब्यात घेतला. चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. डिसेंबर १९५० मध्ये पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी कायदा उचलून धरला, दोघांनी विरोधी मत दिले. राज्यघटना लागू होऊन वर्षही झाले नव्हते. कायद्यापुढची समानता म्हणजे काय, या विषयावर विद्यार्थी आजही हाच निकाल वाचतात. पुढे द्वारकादास श्रीनिवास यांच्या प्रकरणात डिसेंबर १९५३ मध्ये त्याच न्यायालयाने उलट बाजूने निकाल दिला आणि मालमत्तेच्या हक्काची चर्चा वेगळ्या वळणावर गेली. दोन्ही निकालांवर सोलापूरचे नाव आहे. त्यांतल्या युक्तिवादांना मात्र सोलापूरचा वारा लागला नाही. त्याच काळात इथले वकील गिरणी कामगारांची देणी, भाड्याच्या खोल्या, सावकारी कर्जे अशी बारीक कामे वर्षानुवर्षे रेटत होते. ती कामे बारीक होती असे मी म्हणतो खरे, पण ज्याची खोली जाते त्याला ती बारीक नसते.

पंढरपूर याच जिल्ह्यात. बडवे, उत्पात, सेवाधारी यांच्या देवळातल्या हक्कांचे वाद तिथल्या कोर्टांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. पंढरपूर मंदिर कायदा १९७३ चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल जानेवारी २०१४ चा. एवढ्या काळात वकिली सुरू करून निवृत्त झालेली माणसे आहेत.

मी ज्यांच्याशी बोललो त्या सोलापूरच्या जुन्या वकिलांच्या पार्श्वभूमीत मला ढोबळ दोन धागे दिसले. एक धागा घरचा. आजोबा वकील, वडील वकील, घराच्या ओसरीवरच ऑफिस, लाल फडक्यात बांधलेली दप्तरे. या घरांतला मुलगा कायदा शिकायच्या आधी पक्षकाराला बसायला सतरंजी घालायला शिकतो. दुसरा धागा नोकरीचा, आणि आमच्याकडे तो जास्त दाट आहे. कुणी गिरणीत टाइमकीपर होता आणि रात्रपाळी करून दयानंद विधी महाविद्यालयात जात होता. कुणी प्राथमिक शिक्षक, कुणी बँकेत, कुणी एसटीत. कुणाचे वडील तलाठी, त्यामुळे सातबारा आणि फेरफार त्याला बाराखडीइतके ओळखीचे. एकांनी मला सांगितले की गिरणीत हजेरीचे रजिस्टर लिहिताना खाडाखोड कशी ओळखायची ते कळले आणि पुढे बनावट इसारपावती पकडताना तेच उपयोगी पडले. वकिलीच्या कुठल्याही पुस्तकात हा धडा नाही.

कोर्टातली खालची नोकरी हीसुद्धा एक शाळाच. सोलापूरच्या सत्र न्यायालयात १९५७ ते १९६५ या काळात बेलीफ म्हणून काम केलेल्या सुशीलकुमार शिंद्यांची गोष्ट सोलापुरात सगळ्यांना पाठ आहे. ते पुढे पोलिसांत गेले, मग राजकारणात, मुख्यमंत्री आणि देशाचे गृहमंत्रीही झाले. त्यांची ओळख वकील म्हणून नाही, पण समन्स घेऊन दारोदार फिरणाऱ्या माणसाला कायदा कुठे पोहोचतो आणि कुठे अडतो हे फार लवकर समजते. इथे बेलिफी, कारकुनी किंवा लघुलेखन करता करता सनद घेतलेले वकील आहेत आणि त्यांचा उलटतपास ऐकण्यासारखा असतो. साहेब कुठल्या प्रश्नावर मान वर करतात आणि कुठल्या प्रश्नावर घड्याळ बघतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे बाजूला बसून पाहिलेले असते.

खालच्या कोर्टाच्या वकिलीने राज्यभर नाव मिळवता येते हे उज्ज्वल निकमांनी दाखवले. जळगावच्या बॅरिस्टरांचा हा मुलगा जळगावातच शिकला, तिथेच सरकारी वकील झाला आणि १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा, पुढे २६/११ चा खटला त्याने चालवला. पण असे नाव होण्यासाठी सरकारच्या बाजूने उभे राहून गाजलेला खटला चालवावा लागतो. आरोपीच्या बाजूने तीस वर्षे चोख काम करणाऱ्याचे नाव त्याच्या तालुक्याबाहेर जात नाही.

घरच्या धाग्याचे सोलापूरचे सर्वांत मोठे उदाहरण लळीत घराणे. रंगनाथ लळीत यांनी स्वातंत्र्यपूर्व काळात सोलापुरात वकिली केली. त्यांचे चिरंजीव उमेश लळीत मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश झाले. आणीबाणीच्या काळात ज्या दोन न्यायाधीशांना सरकारने कायम केले नाही, त्यांतले ते एक. नंतर सर्वोच्च न्यायालयात फौजदारी वकील म्हणून त्यांनी नाव कमावले. नातू उदय लळीत यांचा जन्म सोलापूरचा, ९ नोव्हेंबर १९५७ चा. त्यांनी १९८३ मध्ये सनद घेतली, मुंबईत दोन-अडीच वर्षे काढली आणि १९८६ च्या आरंभी दिल्ली गाठली. तिथे सोली सोराबजींकडे सहा वर्षे. २००४ मध्ये ज्येष्ठ वकील, टू-जी प्रकरणात विशेष सरकारी वकील, ऑगस्ट २०१४ मध्ये वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयात आणि २०२२ मध्ये ७४ दिवस सरन्यायाधीश. तीन पिढ्यांत घराणे जिल्हा कोर्टातून देशाच्या सर्वोच्च खुर्चीपर्यंत गेले. आम्हाला त्याचा अभिमान आहेच. तरी त्याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की प्रत्येक पायरीला गाव सोडावे लागले. आजोबांच्या पक्षकाराचे अपील नातवाने सोलापुरात बसून चालवावे, अशी सोय त्या व्यवस्थेत नव्हती.

गाव सोडणे म्हणजे काय, ते आमच्याकडे सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या भाषेत सांगितले जाते. रात्री फाइल घेऊन गाडीत बसायचे, सकाळी मुंबईत उतरायचे, फोर्टात कुणा ओळखीच्या वकिलाच्या चेंबरमध्ये तोंड धुवायचे आणि साडेदहाला कोर्टाच्या मागच्या बाकावर बसायचे. पुढच्या बाकावर आपण नेमलेला मुंबईचा वकील. पुरावा आपल्याला तोंडपाठ, पण बोलायचे त्यांनी. मध्येच न्यायमूर्ती विचारतात, ‘हा साक्षीदार तिथे होता हे कुठे आलंय?’ पुढचे पाने चाळतात आणि मागचा माणूस हळूच चिठ्ठी सरकवतो : ‘परिच्छेद ९’. अशा चिठ्ठ्यांवर निकाल फिरल्याचे किस्से आमच्या बाररूममध्ये पुष्कळ आहेत. निकालपत्रात नाव चिठ्ठी देणाऱ्याचे नसते. फीचे प्रमाणही त्याच हिशोबाने ठरते.

मान्यतेचे प्रश्न यातूनच येतात. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम १६ प्रमाणे ज्येष्ठ वकील हा दर्जा उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय देते, आणि तो स्वाभाविकच रोज डोळ्यांसमोर दिसणाऱ्यांना मिळतो. १३ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दर्जासाठीची गुणांची पद्धत मोडीत काढली आणि जिल्हा न्यायालयांत काम करणाऱ्या वकिलांचाही विचार व्हायला हवा असे म्हटले. त्या पीठाचे नेतृत्व करणारे न्यायमूर्ती अभय ओक यांनी १९८३ मध्ये वकिली सुरू केली ती ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, वडिलांच्या ऑफिसात. निकालाच्या या भागामागे ठाण्याची ती वर्षे असतील, असे मला वाचताना वाटत राहिले. त्याच महिन्यात आणखी एक निकाल आला : दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचे तर किमान तीन वर्षे वकिली केलेली हवी. आमच्याकडच्या ज्युनिअर मुलांनी त्यावर नाराजी दाखवली, ज्येष्ठांनी समाधान. मी ज्येष्ठांच्या बाजूचा आहे. ज्याने कधी साक्षीदार उभा केला नाही, त्याने साक्षीदारावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवावे, हे मला पटत नाही.

बायकांचा धागा अलीकडचा आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. स्त्रियांना वकिलीची दारे उघडणारा कायदा १९२३ चा, आणि मिठन टाटा (लाम) १९२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. सोलापुरात आज ज्युनिअरांच्या बाकावर मुली भरपूर दिसतात. वीस वर्षांनी फौजदारी बाजूच्या ज्येष्ठांत त्या किती उरतील, हे लग्न, बाळंतपण आणि सिनिअरचा स्वभाव यांवर ठरते. बुद्धीचा प्रश्न त्यात सर्वांत शेवटी येतो.

कोल्हापूरने हे बदलेल का? अंतर कमी झाले, हे खरे. पहाटे गाडीने निघून रात्री घरी परतता येते. आमच्याकडचे काही तरुण वकील तिथे खोली घेऊन राहिलेही आहेत. पण अंतराइतकीच मोठी दुसरी एक अडचण आहे, ती म्हणजे भाषा. खालच्या कोर्टांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी झाली. उच्च न्यायालयाची भाषा राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजीच. सोलापुरात त्याच्याही आधी एक पायरी असते. अक्कलकोटकडचा साक्षीदार कानडीत बोलतो, विडी घरकुलातली पद्मशाली बाई तेलुगूत. दुभाष्या किंवा वकीलच ते मराठीत सांगतो, न्यायाधीश मराठीत नोंदवतात आणि अपिलाच्या वेळी त्याचे इंग्रजी होते. तीन भाषांच्या गाळणीतून गेलेला शब्द अपील न्यायालयापुढे पोहोचतो. मारहाणीच्या एका खटल्यात साक्षीदाराने तेलुगूत ‘ढकलले’ अशा अर्थाचे काहीतरी म्हटले होते. मराठीत ते ‘मारले’ झाले आणि इंग्रजीत ‘हल्ला केला’. तेलुगू जाणणारा इथला वकील उलटतपासातच ते दुरुस्त करून घेतो. अपिलात ते दुरुस्त करायला जागा उरत नाही.

म्हणून ज्याला तेलुगू, कानडी, मराठी आणि कामापुरते इंग्रजी येते, ज्याने गिरणीचे रजिस्टर पाहिले आहे आणि ज्याला सातबारा वाचता येतो, अशा माणसाने कोल्हापुरात पुढच्या बाकावर बसावे, हे मला हवे आहे. त्यासाठी काय लागते हे ज्येष्ठांना विचारले तर उत्तरे अगदी साधी मिळतात. निकालाचे वाचन रोज. अपिलाचा मेमो स्वतः लिहायचा, दुसऱ्याकडून नाही. इंग्रजी बोलायची भीड मोडायची. आमच्या बारमधल्या चौघांनी ऑगस्टपासून दर शनिवारी दुपारी एकत्र बसायला सुरुवात केली आहे. एकाने अपील चालवायचे, दुसऱ्याने विरोध करायचा, तिसरा न्यायमूर्ती. चौथ्याकडे पेपर बुक असते आणि ‘कुठे आलंय?’ हा प्रश्न निघाला की पान सांगायचे काम त्याचे. दर आठवड्याला पाळी बदलते.